पाठीमागचे दहा मीटर

ऑक्टोबर संपत आला होता. इंग्लंडात, पीटरबरोच्या पूर्वेला, बटाट्याच्या आणि बीटाच्या शेतांमध्ये खोदलेल्या एका तळ्यावर शनिवारची मासे गरवण्याची स्पर्धा चालली होती आणि मी हातात काही न घेता, नुसता बघ्या म्हणून काठाकाठाने हिंडत होतो. वारा आडवा होता. जॅकेटची कॉलर एकाच कानावर फडफडत होती आणि दुसऱ्या कानाला त्याची खबरही नव्हती. पाण्यावरच्या बारीक लाटांच्या माथ्यावर पांढरं दिसायला लागलं होतं. एका पेगवर, म्हणजे काठावरच्या नंबर घातलेल्या बैठकीवर, हिरव्या रेनकोटातला एक थोराड माणूस बसला होता. त्याला मासा लागला. त्याने १३ मीटरची काठी हातातून मागे मागे सरकवत आणली, शेंड्याकडचा भाग हातात येताच सांधा सोडला, आणि नेमका तेव्हाच झोत आला. त्याच्या पाठीमागचा, काठी टेकवायचा रोलर आडवा झाला. रोलरवरची दहाएक मीटर काठी घसरली, उताराच्या गवतावरून लोळत गेली आणि कुंपणाच्या काटेरी झुडपात जाऊन अडकली. मध्येच कुठेतरी ‘कट्’ असा कोरडा आवाज आला. शेजारच्या पेगांवरच्या दोघांनी माना वळवल्या.

तो मात्र वळला नाही.

त्याच्या हातातल्या तुकड्यातून लाल इलॅस्टिक हातभर बाहेर ताणलेलं होतं आणि मासा काठाखालच्या लव्हाळ्याकडे धावत होता. त्याने त्याला धावू दिलं, फिरवलं, पुन्हा धावू दिलं. मग जाळी पुढे केली, चार-पाच पौंडाचा कार्प उचलला, गळ काढला, पाण्यात सोडलेल्या लांब जाळ्यात त्याला अलगद घातलं, टॉवेलला हात पुसले. आणि मग मागे पाहिलं. फुटलेल्या त्या नळीची किंमत दिवसभराच्या बक्षिसापेक्षा जास्त असणार, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यालाही होतं. घरी येईपर्यंत आणि नंतरही कित्येक दिवस माझ्या डोक्यात घोळत राहिला तो आवाज नाही, तर ती न वळलेली मान. ही एकाग्रता म्हणायची, हट्ट म्हणायचा, की त्याला खरोखर काही ऐकूच आलं नव्हतं? मी त्याच्या जागी असतो तर कुठे पाहिलं असतं, पुढे की मागे? या प्रश्नाला मी आजवर तीन वेगवेगळी उत्तरं दिली आहेत आणि तिन्ही वेळा स्वतःला पटवून दिलं आहे.

हा प्रकार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. इंग्लंडात ज्याला पोल म्हणतात त्या काठीला रीळ नसतं. कार्बनच्या पोकळ नळ्या एकीत एक बसवत जायच्या आणि अकरा, तेरा, साडेचौदा, कधी सोळा मीटरपर्यंतची काठी उभी करायची. शेंड्याच्या दोन-तीन नळ्यांना टॉप किट म्हणतात. त्यांच्या पोटातून इलॅस्टिक जातं, त्याच्या टोकाला तंगूस, बारीकसा फ्लोट आणि गळ. दोरा जेमतेम पाण्याच्या खोलीएवढा. म्हणजे फेकायचं काही नाही. काठीचं टोकच थेट माशांच्या डोक्यावर नेऊन ठेवायचं. यातली अचूकता व्यसन लावणारी आहे. फ्लोट जिथे काल ठेवला तिथेच आज ठेवता येतो, वीतभरही इकडेतिकडे नाही. पण तेरा मीटरवर लागलेला मासा हाताशी आणायचा तर अख्खी काठी पाठीमागे सरकवावी लागते आणि टॉप किट हातात आलं की तिथे ती तोडावी लागते. तेवढा वेळ उरलेली काठी तुमच्या मागे असते. तिला धरायला कुणी नसतं. त्या कामासाठी रोलर. पायांवर उभी केलेली एक चौकट, तिच्यावर फिरणारी नळकांडी, एवढंच ते यंत्र. दिवसभरात शंभर वेळा काठी त्याच्यावरून मागे जाते आणि शंभर वेळा पुढे येते, आणि चांगला गरवणारा एकदाही मान वळवून त्याच्याकडे बघत नाही.

पहिला रोलर घ्यायला मी गावातल्या दुकानात गेलो तेव्हा मासिकात पाहिलेला एक नमुना डोक्यात पक्का करून गेलो होतो. काउंटरमागचा म्हातारा मॅगॉटच्या, म्हणजे गळाला लावायच्या अळ्यांच्या, पेट्या मोजत होता. दुकानभर भुशाचा आणि त्या किड्यांचा आंबूस वास. त्याने मला बजेट विचारलं नाही, कुठली कंपनी हवी तेही विचारलं नाही. त्याने विचारलं, “तुम्ही बसता तिथे मागे काय असतं?” मला प्रश्नच कळला नाही. मी तळ्याची खोली सांगितली, मासे कुठले आहेत ते सांगितलं, समोरचं बेट किती लांब आहे ते सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं. मागे उतार आहे की चढ? गवत की खडी? कुंपण किती अंतरावर? मागून लोक चालत जातात का? मी गप्प. ज्या काठावर मी इतक्यांदा बसलो होतो त्याच्या पाठीमागचं मला धड वर्णन करता येईना. “मग आधी जाऊन बघून या,” तो म्हणाला आणि पुन्हा मोजायला लागला. गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी तोवर फक्त पुण्यात पाहिला होता.

तर मागे काय असतं. हा सगळा फेन्सचा, म्हणजे पूर्व इंग्लंडातल्या जुन्या दलदलीचा मुलूख. सतराव्या शतकात व्हर्मायडन नावाच्या डच अभियंत्याने इथे दलदलीतून सरळ रेषेत कालवे काढले आणि पाणी समुद्राकडे वळवलं. पुढे पाणी उपसायला पवनचक्क्या आल्या, मग वाफेची इंजिनं. म्हणजे जो वारा आता आमचे रोलर पाडतो त्यानेच एकेकाळी ही जमीन कोरडी केली. मात्र कोरडी झालेली पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची काळी माती, आक्रसत गेली. पीटरबरोच्या दक्षिणेला होम फेनमध्ये १८५१ साली जमिनीत एक लोखंडी खांब पुरला होता, त्याचं वरचं टोक तेव्हा जमिनीच्या पातळीला होतं. आज तो खांब सुमारे चार मीटर वर आलेला दिसतो. खांब तिथेच आहे, जमीन खाली गेली. तो भाग समुद्रसपाटीपासून जवळजवळ पावणेतीन मीटर खाली आहे आणि ब्रिटनमधली सर्वांत खालची जमीन म्हणून ओळखला जातो. अशा ठिकाणी टेकडी नाही, झाडांची रांग क्वचित, आणि वाऱ्याला अडवणारं क्षितिजापर्यंत काही नाही. कोकणातून आलेल्या माणसाला या सपाटीची सुरुवातीला भीतीच वाटते. आमच्याकडे वारा कुठून तरी येतो: घाटावरून उतरतो, खिंडीतून शिरतो, समुद्रावरून चढतो. इथे तो नुसता असतो.

आणि मासेही नेमके त्यालाच सामील. वारा ज्या काठाकडे पाणी ढकलतो त्या काठाला खाणं वाहत जातं आणि त्याच्या मागोमाग कार्प. निदान उन्हाळ्यात आणि शरदात तरी मला हे वारंवार दिसलं आहे. म्हणजे वाऱ्याकडे पाठ करून आडोशाला बसावं तर पाणी रिकामं, आणि मासे हवेत तर वारा तोंडावर किंवा बरगडीत घ्यायचा. तोंडावरचा वारा मला त्यातल्या त्यात परवडतो. काठी त्याच्या रेषेत असते, तो तिला कमी पकडतो. आडवा वारा हा खरा शत्रू. काठी धनुकलीसारखी वाकते, शेंडा एकीकडे, बुंधा दुसरीकडे, आणि मागे सरकवताना बुंधा नेमका कुठे पोचेल याचा भरवसा राहत नाही.

रोलरमध्ये ढोबळ दोन जाती. एक व्ही आकाराची: दोन नळकांडी तिरकी भिडवलेली, काठी आपोआप मधोमध येऊन बसते, हलत नाही. चौकट छोटी, घडी करून पिशवीत मावते. दुसरी सपाट: एक लांब आडवं नळकांडं आणि दोन्ही टोकांना उभ्या दांड्या. काठी हात-दीड हात इकडेतिकडे आली तरी हिच्यावर पडते. निवांत दिवशी दोन्हीत फारसा फरक नाही, आणि दुकानात तर अजिबातच नाही, कारण दुकानात वारा नसतो. वाऱ्यात मात्र दोघींचे स्वभाव उघडे पडतात. व्हीच्या तोंडाला बुंधा चुकला तर तो कडेवर आपटतो आणि अख्खा रोलर ढकलून देतो. सपाट रोलरवर बुंधा चुकत नाही, पण वारा काठीला एका टोकाच्या दांडीपर्यंत लोळवत नेतो, तिथे ती घासत राहते आणि सगळा भार चौकटीच्या एकाच बाजूला येतो. मग एक पाय उचलला जातो. त्या शनिवारचा पडलेला रोलर सपाट होता, ऐसपैस, महागडा दिसणारा, आणि खडीवर उभा होता.

माझं मत असं झालं आहे, आणि ते मी कुणावर लादणार नाही, की वाऱ्यात एकाने भागत नाही. जवळचा व्ही हवा, पाठीमागे अडीच-तीन मीटरवर. तिथपर्यंत बुंधा तुमच्या हाताच्या हुकमात असतो, तो चुकायचं कारण नाही, आणि एकदा का तो व्हीत शिरला की काठीची रेषा ठरते. लांबचा, सहा-सात मीटरवरचा, सपाट आणि रुंद हवा, कारण तिथे पोचेपर्यंत वाऱ्याने काठीला थोडं बहकवलेलं असणारच आणि त्याला माफ करणारं कुणीतरी हवं. एकच घ्यायची ऐपत किंवा जागा असेल तर सपाट घ्यावा आणि काठी लहान करावी. नेमकं अंतर मोजपट्टीने निघत नाही. टॉप किट सुटल्यावर उरलेल्या तुकड्याचा तोल बुंध्याच्या बाजूला असतो, कारण जाड नळ्या तिकडे. तो तोल रोलरच्या किंचित अलीकडे पडायला हवा, म्हणजे सुटलेलं पुढचं टोक अलगद खाली टेकतं. तोल पलीकडे गेला तर बुंधा जमिनीवर आपटतो आणि पुढचं टोक हवेत उठतं. हवेत उठलेली दहा मीटर पोकळ नळी वाऱ्याला सापडली की पुढची गोष्ट सांगायला नको. उंचीचंही तसंच. आपल्या मांडीइतकी उंची साधारण बरोबर, पण ती मांडीपासून मोजायची, जमिनीपासून नव्हे. मागे चढ असेल तर पाय आखूड, उतार असेल तर लांब. कालव्यांच्या काठाला पाण्याजवळ बसलं की मागे बांध चढत जातो आणि तिथे बहुतेक रोलर सगळ्यांत खालच्या उंचीवरही उंचच पडतात. दुकानातला म्हातारा मागचं का विचारत होता ते मला तिथे, बांधावर गुडघे टेकून पाय आखूड करताना कळलं.

नळकांडं फिरतं ठेवणं हे वेगळंच प्रकरण. चिखल गेला, वाळू गेली, की ते अडतं आणि काठी त्याच्यावर सरकण्याऐवजी त्याला ओढते. ओढलेला रोलर पडायला वारा लागत नाही. मी दर खेपेला घरी आल्यावर कोमट पाण्याने ते धुतो आणि बोटाने फिरवून ऐकतो. माझी मुलगी या कानाला ‘डॉक्टरचा कान’ म्हणते.

आता तो उभा कसा ठेवायचा. सगळ्यांत जुना उपाय म्हणजे खाली वजन टांगणे. बऱ्याच रोलरांना मधोमध त्यासाठी हूक दिलेला असतो. रोलर स्वतः दोन-तीन किलोचा. दहा लिटर पाण्याची बादली टांगली की दहा किलोची भर, आणि पाणी तर तळ्यात फुकट. पण अधांतरी टांगलेली बादली झोतासरशी झुलायला लागते आणि झुलणारं वजन रोलरला धरण्याऐवजी हलवतं. हे मला एका बाईंनी दाखवलं. स्पर्धेत नेहमी येतात, साठीच्या असतील, गाल वाऱ्याने कायमचे लाल. त्या बादली टांगत नाहीत. ती गवतावर ठेवतात, पाण्याने भरतात आणि हुकापासून बादलीच्या कडीपर्यंत आखूड बंजी दोरी ताणून बांधतात. बादली जमिनीवर, ताण हवेत. मी विचारलं तर म्हणाल्या, “टांगलेलं नाचतं. टेकलेलं बसतं.” आणि पुन्हा फ्लोटकडे वळल्या.

पायांची दिशा हा भाग मला शाळेतल्या भूमितीत नेऊन सोडतो. तीन पायांचा रोलर असेल तर एक पाय वारा जिकडे जातो तिकडे रोखलेला हवा. लोक सहसा उलटं करतात, वाऱ्याच्या दिशेला एक पाय पुढे करून उभं राहिल्यासारखं, कारण माणूस वाऱ्याला तसाच सामोरा जातो. पण रोलर पडतो तो वाऱ्याच्या पुढे, मागे नव्हे. टेकू पलीकडे हवा. चार पायांचा असेल तर रुंद बाजू वाऱ्याला समांतर. दुसरा धक्का काठीचा, पुढून मागे येणारा, त्याचाही हिशेब धरायचा, म्हणजे दोघांच्या मधली तिरकी दिशा काढायची. मग पायांपाशी तंबूच्या खुंट्या. गवतात त्या छान बसतात. खडीत बसत नाहीत. आणि पीटमध्ये बसतात पण राहत नाहीत; काळी ओली माती लोण्यागत उघडते आणि तशीच सोडून देते. तिथे लांब बँकस्टिक, म्हणजे काठावर रोवायची दांडी, हातभर खोल दाबून पाय तिला वेल्क्रोने बांधावा लागतो. हे सगळं करून झालं की पहिला मासा लागायच्या आधी काठी चार-पाच वेळा रिकामीच मागेपुढे करून पाहायची. मला हा सगळ्यांत सुंदर भाग वाटतो. थंड कार्बन तळहाताखालून सळसळत जातो, बुंधा व्हीत शिरल्याचा ‘टक’ असा आवाज, मग दुसऱ्या रोलरवरचा जरा जाड आवाज, आणि थांबल्यावर उघड्या नळीच्या तोंडातून वाऱ्याचा खालच्या पट्टीतला घुमार. कान तयार झाला की मागे काय चाललंय ते न वळता कळतं.

दाभोळच्या खाडीकाठी राहणाऱ्या माझ्या काकाला हे सगळं फोनवर सांगायची मला हौस आहे आणि त्याला ऐकायची त्याहून जास्त. लोकांना वाटतं की कोकणातला म्हातारा म्हणजे साधी काठी, साधा गळ, आणि पुतण्या मात्र परदेशात जाऊन खर्चिक नाद करतोय. काकाला कुणी ओळखत नाही. त्याची चिव्याच्या बांबूची काठी अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडलेली लागते, नाहीतर किडा लागतो म्हणे. मग ती पावसाळाभर चुलीवरच्या माच्यावर धुरात. मग करंजेल. मग पेरं डोळ्यांसमोर धरून वाक पाहणं, उन्हात ठेवून दगडाखाली दाबणं, पुन्हा पाहणं. गावात त्याची काठी कुणी हातात घेतलेली त्याला खपत नाही. लहानपणी त्याच्याबरोबर गरवायला जायचो तेव्हा तो आधी पाण्याकडे पाहायचाच नाही. खाडीकडे पाठ करून उभा राहायचा, माडांच्या शेंड्यांकडे बघायचा, आणि मग म्हणायचा, आज धक्क्यावर नको, खडपावर बसू. सकाळचे मतलई वारे आणि दुपारनंतरचे खारे वारे यांच्या वेळा त्याला भरतीच्या वेळांइतक्याच पाठ. कोळंबी लावून तांबोशी, एखादा गोबरा, कधी नुसतीच शिंगाळी. पिशवी रिकामी आली तर काकू काही बोलायची नाही, पण त्या दिवशी कालवण वांग्याचं असायचं.

“तेरा मीटर?” काकाने मागे विचारलं होतं. “एवढी लांब काठी कशाला रे? आमच्याकडे भरती मासा पायाशी आणून टाकते.”

“इथे भरती नाही, काका. तळं आहे.”

“म्हणजे पाणी हलत नाही म्हणून तू काठी हलवतोस.” मग जरा थांबून, “आणि मासा मिळाला की?”

“संध्याकाळी वजन करून सोडून देतात.”

या उत्तरावर दरवेळी तशीच शांतता होते. त्याला धक्का बसतो असं नाही. त्याला आता माहीत आहे. पण ते वाक्य तो पुन्हा पुन्हा ऐकून पाहतो. हा कार्प म्हणजे आपल्याकडे उजनीच्या बाजूला सायप्रिनस म्हणून विकतात तोच मासा, हे सांगितल्यावर तो म्हणाला, तो काट्याचा मासा, बरं करता सोडता ते. माझं मन याबाबतीत अजून एका जागी बसलेलं नाही. उलटा काटा नसलेला गळ, ओली चटई, सोडताना माशाला दोन्ही हातांनी पाण्यात धरणं, हे सगळं मी मनापासून करतो, आणि हे करत असताना माझ्यातला एक खाडीकाठचा मुलगा बाजूला उभा राहून विचारतो की मग पकडलास कशाला. इंग्लंडात पोल धरून बसणाऱ्या कुणाला हा प्रश्न पडलेला मी पाहिला नाही. त्यांच्यासाठी मासा हा निकाल आहे, जेवण नाही. मला दोन्ही कळतं, आणि दोन्हीत मी थोडा पाहुणा आहे.

म्हणूनच तो शनिवारचा माणूस मला सतावतो. जो मासा संध्याकाळी परत पाण्यातच जाणार होता त्याच्यासाठी त्याने मागे न पाहता काठी फुटू दिली. सुरुवातीला मला हा शुद्ध वेडेपणा वाटला. मग वाटलं, वळूनही त्याने काय केलं असतं? एका हातात टॉप किट, दुसऱ्यात जाळी. पाठीला हात नसतात. काठी पडली ती पडली. मासा अजून पडायचा होता. त्याने जे अजून वाचवता येत होतं ते वाचवलं. आणि मग आणखी काही दिवसांनी वाटलं की हेही उदात्तीकरणच आहे, तो फक्त शिकलेलं शरीर होता. १९९४ साली गरवण्याचं जागतिक अजिंक्यपद नॉटिंगहॅमजवळ होम पिअरपॉइंटच्या रोइंगच्या तळ्यावर झालं होतं, चारही बाजूंनी उघडं, दोन किलोमीटर सरळ पाणी. तिथे इंग्लंडचा बॉब नड वैयक्तिक विजेता ठरला. त्याच्या चार विजेतेपदांतलं ते तिसरं. अशा उघड्या पाण्यावर तासन्‌तास लय न मोडता काठी मागेपुढे करणाऱ्यांच्या पाठीमागे काय चाललेलं असतं याची त्यांना फिकीर नसते, कारण ती फिकीर त्यांनी शिट्टी होण्याआधीच, गुडघ्यांवर बसून, खुंट्या ठोकताना करून टाकलेली असते. हिरव्या रेनकोटवाल्याने सकाळी ती केली नसावी. एवढंच. मान न वळवण्याचा हक्क सकाळी कमवावा लागतो, हे माझं सध्याचं, म्हणजे तिसरं, उत्तर. चौथं येणार नाही असं नाही.

कमवूनही तो नेहमी मिळत नाही, हेही सांगायला हवं. फ्रान्सिस ब्यूफर्ट या आरमारी अधिकाऱ्याने १८०५ च्या सुमारास वाऱ्याच्या पायऱ्या लिहून ठेवल्या, पुढे त्यांना जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या. चौथ्या पायरीवर, ताशी २० ते २८ किलोमीटर, धूळ आणि कागद उडतात, बारीक फांद्या हलतात. पाचवीवर, ताशी ३८ पर्यंत, पानांनी भरलेली लहान झाडं डोलतात आणि तळ्यांवर लाटांना फेस येतो. माझ्या अनुभवात चौथीपर्यंत रोलरचं शास्त्र चालतं. पाचवीवर ते पणाला लागतं. त्यापुढे ते गप्प होतं. कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि बादल्या काही चौपट करता येत नाहीत. मग उरतात ते छोटे उपाय: काठीचा शेंडा पाण्याला लागून, वेळ पडल्यास पाण्यात बुडवून धरणे, कारण पाण्यालगत वारा मंद असतो, बसायच्या पेटीसमोरच्या आडव्या दांडीवर काठी टेकवणे, फ्लोटच्या वर तंगुसाला एक बारीक छर्रा लावणे म्हणजे दोरा पाण्याला चिकटून राहतो, वजनदार फ्लोट. आणि विजेच्या तारा. कार्बन वीज वाहून नेतो, तारांपासून जमिनीवर निदान ३० मीटर दूर राहा असं इथे सांगितलं जातं, आणि फेन्समध्ये शेतांवरून तारा कुठूनही कुठेही जातात. वाऱ्यात उठलेली काठी नेमकी किती वर जाईल हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून तारा दिसल्या की मी पेग बदलून मागतो, स्पर्धा असली तरी. अजून कुणी नाही म्हटलेलं नाही.

काकाला मी बादलीची युक्ती सांगितली तेव्हा त्याला ती नवी वाटली नाही. होडी नांगरताना दोर किती सैल सोडायचा, किती ताणायचा यावर तो बराच वेळ बोलला आणि शेवटी म्हणाला, “ते सगळं ठीक. पण वारा वाढला की आम्ही काठी बदलतो. आखूड घेतो. तुझी तर तुकड्यांचीच आहे, काढ ना एक-दोन तुकडे.”

मला राग आला थोडा. दोन रोलर, तीन बादल्या, बँकस्टिका, बंजी दोऱ्या, आणि त्याने हे सगळं अर्ध्या वाक्यात बाजूला सारलं. पण त्याचं खरं आहे. तेरावरून अकरावर आलं की मागे राहणारा तुकडा तेवढाच आखूड होतो, आणि त्यातून कमी होतात त्या बुंध्याच्या जाड नळ्या, ज्या वाऱ्याला सगळ्यांत जास्त सापडतात. तेवढ्यात रोलर एकदम शहाणा वाटायला लागतो. अडचण एवढीच की अकरावर बसलेल्या माणसाला सतत समोरचे दोन मीटर दिसत राहतात, आणि शेजारचा तिथे मासे काढतोय असं वाटत राहतं.

या रविवारी कालव्यावर जायचं आहे. अंदाज नैर्ऋत्येचा, ताशी ३२ किलोमीटर, झोत त्याहून जास्त. मागे चढता बांध आहे, गवताचा. काल संध्याकाळी कामावरून येताना गाडी थांबवून वर चढून पाहून आलो, टाच रोवून पाहिली, वरचा वीतभर थर मऊ आहे आणि खाली घट्ट लागतं. व्ही जवळ लावणार, सपाट चढावर उंच पडतो म्हणून तो न नेता गाडीतच ठेवणार, बँकस्टिका लांबवाल्या घेतल्या आहेत. काठी अकरा मीटर. ज्याच्याबरोबर जातोय तो म्हणतोय की मासे तेरावर आहेत, मधल्या खोलीत, अकरावर बसून काही मिळणार नाही.

असतील. मी अकरावर बसणार आहे.